शेपटीपासून सुरुवात करा

पत्र वडोदऱ्याहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ४९ वर्षांच्या आहेत, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात २२ वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर. कारेलीबागेत सासऱ्यांनी बांधलेलं टेनामेंट आहे, खाली ११ बाय २० फुटांचं पार्किंग, वर दोन खोल्या. माहेरची जमीन विकली गेली आणि त्यांच्या वाट्याला २२ लाख रुपये आले. त्यातून अमेरिकेहून दोन आसनी विमानाचं किट, म्हणजे घरी जोडायचे सुटे भाग, मागवायचं, पार्किंगमध्ये दोन वर्षांत ते बांधायचं, तोवर उडवायला शिकायचं आणि पहिल्याच उड्डाणात पुण्याला शिकणाऱ्या मुलीला शेजारी बसवायचं, असं त्यांच्या मनात आहे. सासूबाई म्हणतात, पैसे नातीच्या लग्नाला ठेव. पती काहीच बोलत नाहीत आणि त्याचाच जास्त त्रास होतो. मधुमेहाच्या गोळ्या सुरू आहेत. ताई विचारतात, "आधी सगळी हत्यारं जमवू की आधी सगळं शिकून घेऊ? घरच्यांना कसं पटवू? की या वयात हा विचारच सोडून द्यावा?"

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेतो. विचार सोडू नका. घरी विमान बांधणारे बरेच जण तुमच्या वयाचे किंवा त्याहून मोठे असतात. मुलं मोठी झाली, नोकरी रुळली, की मगच या कामाला लागणाऱ्या मोकळ्या संध्याकाळी हाती येतात. शिवाय तुमच्याजवळ एक भांडवल आहे, ज्याचा पत्रात तुम्ही नुसता ओझरता उल्लेख केलाय. २२ वर्षं तुम्ही दुसऱ्यांचं काम मापून पास नाहीतर रिजेक्ट करत आलात. घरी बांधणाऱ्याला सगळ्यात जड जातं ते स्वतःच्या हातचा तुकडा रिजेक्ट करणं. चार रात्री खपून केलेली पंखाची फासळी भंगारात टाकायला मन धजत नाही. मी २४ वर्षं विमानांच्या देखभालीत काढली, त्यावरून सांगतो, हात काही महिन्यांत बसतो. नजर बसायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं तुमची भरून झाली आहेत.

आता तुमच्या बेताकडे येतो. पैशांपासून सुरुवात करू, कारण खरी गाठ तिथं आहे.

किट म्हटलं की सगळं एका खोक्यात येतं असं वाटतं. पण जी किंमत आधी डोळ्यांत भरते ती बहुतेक वेळा सांगाड्याची असते. पत्रे, फासळ्या, रिव्हेट, नटबोल्ट एवढंच त्यात आलं. इंजिन वेगळं, प्रोपेलर वेगळा, समोरच्या पॅनेलवरची उपकरणं वेगळी, रंग वेगळा. वर जहाजाचं भाडं आणि कस्टम ड्यूटी. तुम्हाला हवं तशा विमानांत ओळखीचं नाव म्हणजे अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्टचं आरव्ही-१२. रोटॅक्सचं १०० अश्वशक्तीचं इंजिन आणि उपकरणं धरून ते एक लाख डॉलरच्या वर जातं. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी ८५ लाख झाले, आणि खोकं अजून बंदराला लागलेलं नाही. ताई, २२ लाखांत हे विमान पुरं होणार नाही. हे मी गोड करून सांगितलं तर तीन वर्षांनी तुमच्या पार्किंगमध्ये इंजिनाविना एक सांगाडा उभा असेल आणि रोज येताजाता तुम्हाला तो बघावा लागेल.

पण एवढ्यावर पत्र मिटू नका. किट तुकड्यातुकड्यानं विकत मिळतं. आधी शेपटी, मग पंख, मग धड, मग इंजिनाकडचा भाग. शेपटीचं किट काही हजार डॉलरला येतं. पुढचं सगळं काम ज्या कौशल्यावर चालतं ते त्या एका शेपटीत शिकून होतं. ती पुरी होईपर्यंत तुम्हाला स्वतःबद्दल जे कळेल ते कुठलाही सल्लागार सांगू शकणार नाही. काम आवडलं नाही तर शेपटी विकता येते, पाठीवर कर्ज राहत नाही. टप्प्याटप्प्यानं घेण्याचं आणखी एक कारण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅन्ससारखी जुनी, जगभर नावाजलेली कंपनी दिवाळखोरी संरक्षणात गेली. लेझरनं कापलेल्या काही भागांत भेगांचा दोष निघाला होता, ते बदलून द्यायचा बोजा आला. २०२४ मध्ये कंपनी त्यातून सावरली, पण किमती वाढल्या, आणि ज्यांनी आगाऊ पैसे भरून ठेवले होते त्यांचे ते महिने जिवाच्या घोरात गेले. त्यामुळे सूट मिळते म्हणून सगळे पैसे एकदम गुंतवू नका.

माझं मत विचाराल तर २२ मधले १५ लाख आजच मुदत ठेवीत टाका आणि ते या कामाचे नाहीत असं सासूबाईंसमोर सांगा. उरलेल्या सातांत सरावाचं साहित्य, कामापुरती हत्यारं आणि शेपटी बसायला हवी. नातीची काळजी करणारी बाई पैशांची शत्रू नसते, तिला आकडा ऐकायचा असतो. पुढे पंखांची वेळ येईल तेव्हा तीन-चार जणांची भागीदारी करता येईल. अशी बरीच विमानं भागीदारीत बांधली जातात आणि भागीदारीत उडवली जातात. तुमच्या शहरात टाटा आणि एअरबसचा सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचा कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, वायुदलाच्या ५६ पैकी ४० विमानं तिथं बनायची आहेत. विमानाचा पत्रा ज्यांच्या हाताखालून रोज जातो अशी माणसं वडोदऱ्यात आता वाढत जाणार. दहा वर्षांपूर्वी हे मी तुम्हाला सांगू शकलो नसतो.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारतो, आणि त्याचं उत्तर मला नाही, स्वतःला द्या. तुम्हाला बांधायचंय की उडायचंय? पत्रात दोन्ही एका दमात आलंय. ज्यांना मनापासून उडायचं असतं त्यांना बांधणं ही शिक्षा वाटते. हजार तास पत्रा घासताना त्यांचं लक्ष आभाळाकडे असतं आणि ते कंटाळून मध्येच सोडतात. उडायचंच असेल तर वडोदऱ्यातच हरणीला गुजरात फ्लाइंग क्लब आहे. खासगी वैमानिकाच्या परवान्याला ४० तासांचं उड्डाण लागतं, आणि त्यालाही काही लाख लागतात, पण किती ते आधीच कळतं. त्याआधी क्लास टू वैद्यकीय तपासणी करून घ्या, डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, यादीतल्या डॉक्टरांकडे. मधुमेहाचा निकाल काय लागतो ते कागदावर येऊ द्या आणि मगच परवान्याची स्वप्नं पुढे न्या. निकाल विरुद्ध गेला तर वाईट वाटेल, मला ठाऊक आहे. पण बांधायला वैद्यकीय परवाना लागत नाही. तुमच्या पत्रात उडण्याचं वर्णन एका ओळीचं आहे आणि पार्किंगमधल्या टेबलाची उंची, दिव्यांची जागा, ड्रिल टांगायची खुंटी यांचं वर्णन दीड पानाचं. मला त्यावरून काय वाटलं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

दोन वर्षांचा हिशेबही जरा तपासू. आरव्ही-१२ ला साधारण ७०० ते ९०० तास धरतात, कारण त्यात बहुतेक पॉप रिव्हेट आहेत, एकाच बाजूनं हातपुलरनं किंवा हवेच्या पुलरनं ओढून बसवायचे. ठोकीव रिव्हेटची, म्हणजे एका बाजूनं ठोकून आणि दुसरीकडून ठोकळा धरून बसवायच्या रिव्हेटची, विमानं १५०० ते २००० तास खातात. नोकरी सांभाळून आठवड्याला आठ तास निघाले तर वर्षाचे ४०० होतात. हे झालं कागदावर. श्रावणातले सण, मुलीच्या परीक्षा, सासूबाईंचा दवाखाना आणि तिकडून चुकून न आलेला एक ब्रॅकेट यांतून चार-पाच वर्षं धरा. वर्षांची घाई केली की हात घाई करतो, आणि इथं हाताची घाई चालत नाही.

जागा. ११ बाय २० फूट पुरते, काळजी नको. आरव्ही-१२ ची लांबी सुमारे २० फूट आणि दोन्ही पंख धरून रुंदी सुमारे २७, पण त्याचे पंख काढता येतात आणि घरी सगळं एकाच वेळी जोडून ठेवायचं नसतंच. शेवटची जुळणी विमानतळावरच्या हँगरमध्ये, म्हणजे विमान ठेवायच्या शेडमध्ये, होते. फाटकाची रुंदी मात्र आजच मोजा. धड चार फुटांच्या आसपास रुंद होतं, ते चाकांशिवाय उचलून बाहेर काढायचंय. मला खरी चिंता आहे ती पाण्याची. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कारेलीबागेत किती चढलं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पुराच्या गाळात बुडालेला विमानाचा पत्रा मी कधीच वापरणार नाही. वरून पुसला तरी सांध्यात ओल राहते आणि आतून गंज धरतो. म्हणून तयार झालेले भाग वरच्या खोलीत किंवा भिंतीवर उंच घोड्या ठोकून त्यावर ठेवा. शेपटीचे तुकडे हलके असतात, दोन माणसं जिन्यानं नेतात. पार्किंगमध्ये फक्त चालू काम असू द्या. जून ते सप्टेंबर खाली काही ठेवणार नाही, असा घरचा नियमच करा.

कागदपत्रांचं काम पैसे भरायच्या आधी करायचं, नंतर नाही. मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी स्वतः आखलेलं सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडला, उडवून बघायचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये हाती आला. उलट केरळच्या एका अभियंत्यानं इंग्लंडमध्ये घरी, टाळेबंदीच्या काळात, दक्षिण आफ्रिकेच्या स्लिंग कंपनीचं चार आसनी किट सुमारे १८ महिन्यांत जोडलं आणि कुटुंबाला घेऊन फिरला. दोघांच्या जिद्दीत फरक नव्हता. इंग्लंडात घरी बांधलेल्या विमानांवर देखरेख ठेवणारी लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन आहे, वाट आधीच मळलेली होती. आपल्याकडे ती वाट अजून ज्यानं त्यानं पाडायची आहे. त्यात १ जानेवारी २०२५ पासून जुन्या १९३४ च्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला आहे. तेव्हा डीजीसीएला लेखी पत्र घाला: घरी जोडलेल्या किट विमानाची नोंदणी कुठल्या वर्गात होईल, आयातीला कोणती परवानगी लागेल, बांधताना तपासणी कोणी आणि कोणत्या टप्प्यावर करायची. उत्तर लेखीच घ्या. फोनवर कोणी "होऊन जाईल" म्हणालं तर त्यावर एक रुपयाही खर्च करू नका. शेपटीचं काम चालू असताना हे पत्र फिरत राहील.

जाता जाता इंधनाचंही सांगतो, कारण हे फार कोणाच्या ध्यानात येत नाही. आरव्ही-१२ चं रोटॅक्स ९१२ इंजिन साध्या पेट्रोलवर चालतं म्हणून लोक खूश असतात, पण कंपनी १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालवून घेते. आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचं मिळतं. म्हणजे विमानाचं पेट्रोल, अॅव्हगॅस, आणि त्यातल्या शिशामुळे ऑइल लवकर बदलणं आलं. हँगर शोधाल तेव्हा तिथं अॅव्हगॅस मिळतं का तेही विचारा.

आता हत्यारांकडे. सगळी आधी जमवू नका. मोठ्या हत्यारपेट्या घेऊन बसलेली आणि एकही होल न पाडलेली माणसं मी पाहिली आहेत. सरावाचं एक छोटं किट मिळतं, शेपटीच्या मानानं किरकोळ किमतीचं, पंखाचा फूट-दीड फुटाचा तुकडा. त्याला लागतं एवढंच घ्या: एक हवेचा ड्रिल, लहान कॉम्प्रेसर, रिव्हेट गन, बकिंग बार म्हणतात तो पोलादी ठोकळा, आणि क्लेको. क्लेको म्हणजे होलात अडकवून दोन पत्रे तात्पुरते धरणाऱ्या स्प्रिंगच्या पिना. रुपेरी ३/३२ इंचाच्या होलाला, तांबूस १/८ इंचाच्या. तुमचं विमान पॉप रिव्हेटचं असलं तरी हा सराव ठोकीव रिव्हेटवरच करा. पत्र्याचा स्वभाव त्यातच कळतो.

पहिला धडा बर काढण्याचा. होल पाडलं की काठाला धार राहते, तोच बर. ती काढायचं पातं ड्रिलला लावायचं नाही, बोटांत धरायचं. होलावर टेकवा, हलकेच दोन वेढे द्या, उचला. बोटाचं पेर काठावरून फिरवा. खरखर लागली तर अजून अर्धा वेढा. तिसरा-चौथा वेढा जोरानं दिलात तर काठ तिरका कापला जातो आणि पातळ पत्र्यात रिव्हेटला टेकायला जागाच उरत नाही. आरव्ही-१२ सारख्या विमानात अशी होलं हजारोंनी आहेत आणि प्रत्येकाला दोन बाजू आहेत. हे करताना तुमचं मन शांत होतंय की चिडतंय, तिकडे लक्ष द्या. मी मघाशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे.

खुणा शिसपेन्सिलीनं करू नका, तुम्हाला कारखान्यातली सवय असेल. शिसपेन्सिलीतलं ग्राफाइट अॅल्युमिनियमला लागलं आणि ओल मिळाली की तिथून गंज सुरू होतो. मार्कर पेन वापरा. जी कानस कधी लोखंडावर फिरली आहे ती या पत्र्याला लावू नका. पत्र्यावर निळी प्लास्टिकची फिल्म येते, ती ओरखडे पडू नयेत म्हणून ठेवावीशी वाटते. आपल्या पावसाळ्यात ती वर्षभर तशीच राहिली तर खाली ओल कोंडते, म्हणून भाग हातात घेतला की काढा. २०२४-टी३ नावाच्या या मिश्रधातूवर शुद्ध अॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो आणि सगळं संरक्षण त्याचंच. हाताला घाम असेल तर सुती हातमोजे घाला.

आणि चुकलेला रिव्हेट काढायला शिका, लावण्याइतकंच नीट. उमेदवारीच्या काळात माझ्या हातून एक रिव्हेट वाकडा बसला. मी तो काढला, पुन्हा वाकडा बसला, पुन्हा काढला. तिसऱ्या खेपेला होल अंडाकृती झालं आणि त्या एका होलापायी सबंध पत्रा बदलावा लागला. आमच्या मिस्त्रींनी आवाज चढवला नाही. जुना पत्रा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, यातले सगळे रिव्हेट काढ आणि एकही होल मोठं करू नकोस. दोन दिवस मी तेवढंच केलं. रिव्हेटच्या डोक्याच्या बरोबर मध्यावर पंच मारायचा. १/८ च्या रिव्हेटला ३० नंबरचं, ३/३२ ला ४० नंबरचं ड्रिल, आणि तेही फक्त डोक्याच्या जाडीइतकं आत. मग होलात पंच घालून डोकं कलतं करून मोडायचं, मागून लाकडाचा आधार देऊन दांडी हळूच बाहेर ठोकायची. एखादा रिव्हेट थोडा कमी बसला असेल तर कधीकधी तो तसाच सोडणं शहाणपणाचं असतं, काढण्यात होल बिघडण्याचा धोका जास्त.

आता तुमचे पती. ते गप्प आहेत म्हणजे विरोधात आहेत, हे तुम्ही धरून चालला आहात. पैशांवर बोलायला सासूबाई आहेतच. तुमच्या पतींना भीती दुसरी असेल, आणि ती बोलून दाखवणं पुरुषाला जड जातं. त्यांना पटवायला जाऊ नका. एका रात्री फक्त विचारा, "तुम्हाला कशाची धास्ती वाटते?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. अपघाताची असेल तर ती खोटी नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास केला, त्यात इंजिन बंद पडणं आणि वैमानिकाच्या हातून ताबा सुटणं ही मुख्य कारणं निघाली, आणि विमान नवं असतानाच्या पहिल्या काही तासांत अपघात जास्त. म्हणूनच तिथं बांधून झाल्यावर साधारण २५ ते ४० तास कोणी प्रवासी न बसवता चाचणीची उड्डाणं करावी लागतात. तेव्हा ताई, पहिल्या उड्डाणात मुलगी नको. तुम्हीही नको. तो दिवस त्या जातीचं विमान शेकडो तास उडवलेल्या वैमानिकाला द्या आणि तुम्ही मुलीबरोबर धावपट्टीच्या कडेला उभ्या राहा. मुलीला शेजारी बसवण्याचा दिवस नंतर येईल, आणि तो पतींना आजच सांगा. त्यांना हे ऐकायचं असेल असं मला वाटतं.

शिवाय ठोकीव रिव्हेटच्या सरावाला दुसरे हात लागतात. तुम्ही वरून रिव्हेट गन धरणार, पत्र्याच्या आतून ठोकळा कोणीतरी रेटून धरायला हवा. दोघांनी आधी खुणा ठरवायच्या, कारण आवाजात बोललेलं ऐकू येत नाही: एकदा टकटक म्हणजे अजून मार, दोनदा म्हणजे नीट बसला. दोघांनीही कानात बोळे घालायचे, हे विसरू नका. "मदत कराल का" असं मोठं काही मागू नका. "अर्धा तास ठोकळा धराल का" एवढंच विचारा.

रिव्हेट गन दुपारी एक ते चार बंद ठेवा, सासूबाईंची आणि शेजाऱ्यांची झोप तेव्हाची असते. सरावाचा तुकडा झाला की रिव्हेटची मागच्या बाजूला ठोकून चपटी झालेली डोकी मोजा. १/८ च्या रिव्हेटला रुंदी ४.८ मिलिमीटर, उंची १.६ च्या जवळ यायला हवी. दहांपैकी किती पास झाले ते वहीत तारखेसह लिहा, तीच तुमच्या विमानाची पहिली नोंदवही. फोटो मला पाठवा, शेजारी व्हर्नियर ठेवून. आणि जे रिजेक्ट केलेत त्यांचेही पाठवा.